पासपोर्ट कोरा आहे म्हणून दुबई झालीच नाही का?

आधी पत्र. लांब होतं, थोडं कापलंय, नाव-गाव ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

«ताई नमस्कार. मी भांडुपचा, वय ३३, आयटीआयमधून एसीचा कोर्स केलाय. ऑगस्ट २०२१ ला दुबईला गेलो, कंपनीचा दोन वर्षांचा व्हिसा होता, सोनापूरच्या कॅम्पात राहायचो. पहिलं दीड वर्ष नीट गेलं मग कंपनीची हालत खराब झाली, चार महिने पगार नाही, ऑगस्ट २०२३ ला व्हिसा संपला तो त्यांनी रिन्यू केलाच नाही आणि पासपोर्ट त्यांच्याकडेच. मी तसाच राहिलो, मिळेल ते काम केलं, घरी पैसे पाठवायचे होते. २०२४ ला माफी निघाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये आउटपासवर (पासपोर्टऐवजी मिळणारा परतीचा कागद) घरी आलो, दंड नाही लागला. म्हणजे जवळजवळ १४ महिने बिनव्हिसाचा होतो. इकडे येऊन नवीन पासपोर्ट काढला. मे २०२५ ला लग्न झालं. बायको इंग्लंडला लीड्समध्ये नर्स आहे, २०१८ पासून, तिकडचं पर्मनंट झालंय. आमची ओळख २०२२ पासून फोनवरच. आता स्पाउस व्हिसा टाकायचाय. एक मित्र व्हिसाची कामं करतो, तो बोलतो पासपोर्ट कोरा आहे, दुबईचं नावच काढू नको, ती तीन वर्षं भांडुपलाच एसी रिपेअरिंग करत होतास असं लेटर आणून देतो, ४० हजारात सगळं होईल. मला भीती वाटते. आणि ताई, दुबईला होतो हे बायकोला माहितीये पण बिनव्हिसाचा होतो हे नाही माहीत. तिला मी कंपनी बदलली असं सांगितलं होतं. काय करू?»

अरे, पहिल्यांदा एक सांगते, तुला अरे-तुरे करतेय, माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान आहेस. आणि भांडुपच्या सोनापूरवरून उठून दुबईच्या सोनापूरला जाऊन राहिलास हे वाचून मला हसू आलं, मग पुढचं वाचून गेलं.

दादरला एका ट्रॅव्हलवाल्याकडे मी बरीच वर्षं व्हिसाचे कागद लावायचं काम केलंय, त्यामुळे तुझ्या मित्रासारखे मित्र मी भरपूर बघितलेत. त्याचं अर्धं खरं आहे, म्हणून तर तो धोकादायक. खरं एवढंच की इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश आपापसात बोटांचे ठसे वगैरे ताडून बघतात आणि दुबई त्या पाचात नाही. तू अमेरिकेत ओव्हरस्टे करून, म्हणजे व्हिसा संपल्यावरही राहून, आला असतास तर व्हीएफएसला, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेतात त्या केंद्रात, बोटं टेकवल्यावर ते सगळं वर यायची शक्यता मोठी होती. दुबईचं तसं आपोआप वर येईलच असं नाही. म्हणून तो बोलतो, कोरा पासपोर्ट, काय टेन्शन.

आता त्याला एक प्रश्न विचार. तुमचं नातं खरं आहे, व्हिसासाठी उभं केलेलं लग्न नाही, हे तू कशाने दाखवणार? लग्नाचे फोटो सगळेच लावतात. तुमची ओळख २०२२ पासूनची, लग्न २०२५ चं, मधली तीन वर्षं तुम्ही फोनवर बोललात. ते फोन कुठून गेले? दुबईहून. नंबर कुठला? ९७१ चा, म्हणजे यूएईचा. ते चॅट, त्या कॉलची लिस्ट, तू तिला ईदच्या सुट्टीत समुद्रावरून पाठवलेले फोटो, हाच तर तुमचा सगळ्यात मजबूत पुरावा आहे आणि मित्र सांगतोय की तोच गाडून टाक. भांडुपला एसी रिपेअर करणारा माणूस दोन-तीन वर्षं बायकोशी ९७१ वरून कसा बोलत होता हे लेटर देणारा दुकानदार सांगणार आहे का? म्हणजे एक तर दुबई लपवायची आणि नातं कालपरवाचं वाटू द्यायचं, नाहीतर चॅट लावून स्वतःचंच लेटर खोटं पाडायचं. ४० हजार देऊन हे विकत घ्यायचं.

आणि फॉर्म सरळ विचारतो. गेल्या १० वर्षांत कुठल्या कुठल्या देशात गेलात हे आहे. इंग्लंडच नाही तर कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला का, दारातून परत पाठवलं का, डिपोर्ट केलं का, देश सोडायला लावलं का, हे पण आहे. म्हणजे दुबई न लिहिणं म्हणजे नुसतं गप्प बसणं नाही, विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं आहे. वर ते लेटर म्हणजे बनावट कागद, तो तर इथल्या पोलिसांचाही विषय आहे, आयपीसी जाऊन न्याय संहिता आली म्हणून खोटा कागद खरा झालेला नाही.

आता तुझ्या मनातली भीती, की ओव्हरस्टे सांगितला की व्हिसा गेलाच. नाही रे. इंग्लंडच्या नियमात ओव्हरस्टे म्हणून जी बंदी वगैरे आहे ना ती इंग्लंडमध्ये जास्त राहिलेल्यांसाठी आहे. दुसऱ्या देशात व्हिसा संपल्यावर राहिलास म्हणून आपोआप नकार असा नियम नाही. अधिकारी ते वाचतो, माणूस कसा आहे याचा अंदाज घेतो, एवढंच. पण खोटं बोललास असं ठरलं तर मात्र तो सगळ्यात वाईट प्रकार, हा अर्ज तर जातोच, वर १० वर्षांपर्यंतच्या बंदीचा मामला होऊ शकतो, आणि पुढे कॅनडाला जा नाहीतर अमेरिकेला, तिथल्या फॉर्मवर व्हिसा नाकारला होता का या प्रश्नाला हो लिहीत बसायचं आयुष्यभर. मी स्वतः एक केस बघितलीय, जोडपं गिरगावातलं, नवऱ्याला आधी एका दुसऱ्या देशाने टुरिस्ट व्हिसा नाकारला होता, अगदी किरकोळ कारण, बँकेत पैसे कमी म्हणून, त्याने ते लिहिलंच नाही, कोणीतरी सांगितलं नको लिहू. नकाराचं पत्र आलं ते मी वाचलंय, त्यात पैशाचा एक शब्द नव्हता, सगळं पत्र लपवण्यावरच होतं. मूळ गोष्ट लिहिली असती तर दोन ओळीत संपली असती.

तुझी मूळ गोष्ट तर त्याहून बरी आहे, कारण तू सरकारी माफीतून आलायस. ती माफी काय होती हे तुला माहितीच आहे पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. यूएईने १ सप्टेंबर २०२४ पासून ही योजना काढली, आधी ऑक्टोबरअखेरपर्यंत होती मग ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वाढवली. ज्यांचे व्हिसे संपलेत त्यांनी यावं, एकतर कागद नीट करून राहावं नाहीतर दंड न भरता निघून जावं, आणि जाणाऱ्यावर परत यायची बंदी पण नाही. दुबईच्या अल अवीरला तंबू लागले होते, तिथे रांगा. दंडाचा हिशेब केलास का कधी? दिवसाला ५० दिरहॅम, १४ महिन्यांचे होतात २१ हजारांच्या वर, म्हणजे आपले पावणेपाच लाखांच्या पुढे. ते माफ झाले. २०१८ ला पण अशीच माफी निघाली होती, तेव्हा आमच्या ऑफिसात रत्नागिरीकडची चार-पाच पोरं आली होती, आउटपासवर आलेली, सगळ्यांचा चेहरा सारखा, जेलमधून सुटून आल्यासारखा, आणि गुन्हा काय तर कफीलने, म्हणजे तिकडच्या मालकाने, पासपोर्ट कपाटात ठेवला. तिकडे बिनव्हिसाच्या माणसाला खल्लीवल्ली म्हणतात ना, एकाने मला तो शब्द सांगितला तेव्हा मला तो गमतीचा वाटला होता, त्याला नव्हता वाटत.

तर तू डिपोर्ट झालेला नाहीस. हा फरक नीट डोक्यात ठेव, कारण फॉर्म भरताना पोरं घाबरून काहीही टिक करतात. डिपोर्ट म्हणजे पकडून, ऑर्डर काढून, बहुतेक वेळा बंदी लावून पाठवणं. तू स्वतः गेलास, एक्झिट परमिट घेतलंस, आउटपासवर म्हणजे आपल्या कॉन्सुलेटच्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर आलास. त्या एक्झिट परमिटवर नेमकं काय लिहिलंय ते काढून बघ, अरबी असेल तर कोणाकडून तरी वाचून घे. त्यावर बंदीचं काही नसेल तर डिपोर्ट, रिमूव्ह यांना नाही असंच उत्तर येईल. आता देश सोडायला लावलं का हा प्रश्न थोडा तिरका आहे, माफीत गेलेल्याला कोणी लावलं म्हणायचं का नाही यावर दोन वकील दोन गोष्टी बोलतील. माझं मत विचारशील तर टिक काहीही कर पण पुढे जास्तीची माहिती लिहायला जी जागा असते तिथे सगळी गोष्ट लिहायचीच. हो म्हणून लिहिलेल्यात लपवलं असं कोणी म्हणू शकत नाही आणि नाही म्हणून खाली सगळं लिहिलेल्यातही म्हणणं अवघड आहे. नाही म्हणून खाली पण गप्प, हे मात्र नको.

आणि या एका प्रश्नासाठी चार पैसे खर्च करायचेच असतील तर मित्राला देऊ नको, बायकोला तिकडे एखादा रजिस्टर्ड इमिग्रेशन सल्लागार नाहीतर सॉलिसिटर गाठायला सांग. तिकडे इमिग्रेशनचा सल्ला द्यायला रजिस्ट्रेशन लागतं, जे खातं ते करतं त्याचं नाव २०२५ च्या जानेवारीपासून इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी झालंय, आधी ओआयएससी होतं, त्यांच्या यादीत नाव आहे का ते बघता येतं. आपल्याकडे काय, स्टेशनबाहेर बोर्ड लावला की झाला कन्सल्टंट.

अजून एक जागा आहे जिथे तुझं दुबई आधीच लिहिलेलं असायला हवं, ती म्हणजे तुझा स्वतःचा नवीन पासपोर्ट. आपल्या पासपोर्टच्या फॉर्मवर विचारतात की कधी इमर्जन्सी सर्टिफिकेटवर भारतात परत आलात का, कधी डिपोर्ट झालात का. तू तिथे काय लिहिलंस? हो लिहिलं असशील तर प्रश्नच मिटला, कारण एका सरकारला हो आणि दुसऱ्याला नाही असं कोण करतं. नाही लिहिलं असशील, म्हणजे कोणी एजंटने घाईत भरला असेल, तर ते आधी पासपोर्ट ऑफिसला जाऊन विचारून सरळ करून घे, तो कोरा पासपोर्ट मग कोरा नाही राहत.

आता जमवायचं काय. जे जे हाताला लागेल ते. कंपनीच्या व्हिसाच्या पानाचा फोटो कुठेतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेला असतोच, एमिरेट्स आयडीची कॉपी, लेबर कार्ड, पगार बँकेत यायचा तेव्हाचं स्टेटमेंट (पगार थांबला ते त्यात आपोआप दिसतं, याहून चांगला साक्षीदार नाही), कंपनीविरुद्ध लेबरला कम्प्लेंट केली असशील तर तिचा नंबर, आउटपासची कॉपी, एक्झिट परमिट, परतीचं तिकीट. आउटपासचा कागद बहुतेक वेळा इथे उतरल्यावर एअरपोर्टवरच ठेवून घेतात, म्हणून त्याचा फोटो काढला होतास का ते बघ. सगळं नाही मिळालं तरी चालेल.

आणि दुबईत तुझ्या नावावर क्रेडिट कार्ड, लोन, कोणाला दिलेला चेक असलं काही राहिलंय का? हे तू पत्रात लिहिलं नाहीयेस म्हणून विचारते. व्हिसा संपलेला ही एक गोष्ट आणि कोर्टात पैशाची केस ही वेगळी गोष्ट, फॉर्ममध्ये तिचा पण प्रश्न असतो. असेल तर ती आधी सल्लागाराला सांग, मगच पुढे.

या सगळ्याची गोष्ट एका पानात लिहायची. लोक चार पानं लिहितात, रडतात, देवाला आणतात, नको. मी तुला मराठीत लिहून देते, इंग्रजी कोणाकडून तरी करून घे पण यात साखर घालू नको देऊ: «मी ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीच्या नोकरी व्हिसावर यूएईला गेलो. २०२३ मध्ये कंपनीने चार महिने पगार दिला नाही आणि माझा व्हिसा ऑगस्ट २०२३ मध्ये संपल्यावर तो पुढे वाढवला नाही. माझा पासपोर्ट कंपनीकडे होता. त्यानंतर जवळजवळ १४ महिने मी व्हिसाशिवाय तिथे राहिलो आणि या काळात मिळेल ते काम केलं. हे नियमाविरुद्ध होतं हे मला माहीत आहे. २०२४ मध्ये सरकारने माफी जाहीर केल्यावर मी स्वतः अर्ज करून ऑक्टोबरमध्ये भारतात परत आलो. मला डिपोर्ट केलेलं नाही आणि माझ्यावर प्रवेशबंदी नाही. सोबत कागद जोडले आहेत.» झालं. बंदी नाही हे वाक्य मात्र कागद बघूनच लिही. आणि नियमाविरुद्ध होतं हे वाक्य काढून टाकायचा मोह होईल, काढू नको, त्या पानावरचं तेच वाक्य वाचणाऱ्याला पटतं.

बाकी अर्जाचं सांगते भराभर, कारण गंमत अशी की तुमच्यासारख्यांचे अर्ज ओव्हरस्टेवर कमी आणि पगाराच्या कागदावर जास्त अडकतात. ११ एप्रिल २०२४ पासून तिकडच्या जोडीदाराचं वर्षाचं उत्पन्न २९,००० पौंड तरी लागतं, आधी १८,६०० होतं. बायको इतकी वर्षं नर्स आहे म्हणजे ती वर असणार, पण पार्टटाइम करत असेल तर आत्ताच हिशेब करा. तुझा इकडचा पगार यात धरत नाहीत, तू महिना लाख कमवलेस तरी नाही. ती त्याच नोकरीत सहा महिने असेल तर सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, दोन्हीतला आकडा एकमेकांशी जुळला पाहिजे, आणि नोकरीवाल्यांचं पत्र. शेवटचे कागद अर्जाच्या आधीच्या २८ दिवसांतले हवेत, इथे लोक मार खातात, सगळं जमवून ठेवतात आणि मग मुहूर्त बघत बसतात.

राहायची जागा, तिची स्वतःची खोली असली तरी पुरते, शेअर घर असेल तर घरमालकाचं पत्र. तू आयटीआयवाला म्हणजे इंग्रजी माध्यमाची डिग्री नाही, मग ए-१ लेव्हलची बोलण्या-ऐकण्याची परीक्षा द्यावी लागेल, आयएलटीएस लाइफ स्किल्स म्हणून आहे ती, साधी आयएलटीएस देऊन पैसे घालवू नको. दुबईत सुपरवायझरशी बोलून झालंय तेवढं इंग्रजी तुला येतं, घाबरू नको. टीबीची टेस्ट, छातीचा एक्सरे, ती त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच, नाक्यावरच्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही, सर्टिफिकेट सहा महिने चालतं म्हणून फार आधी काढू नको. लग्नाची नोंदणी पालिकेच्या एस वॉर्डात केली असशील, नसेल तर उद्या जा, हॉलवाल्याची पावती आणि पत्रिका म्हणजे मॅरेज सर्टिफिकेट नाही. जे कागद नुसते मराठीत असतील त्यांचं इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, फोन. मराठी चॅटचं पण, लावणार असाल तेवढ्याचं. चॅट म्हणजे ४०० पानं नको, दर महिन्याचं एखाद-दुसरं पान पुरे, आणि आतलं काही एडिट करू नको, खोडू नको.

मित्र पोलिस सर्टिफिकेट दुबईवरून आणावं लागेल म्हणून वेगळे पैसे मागेल, मागितलेच असतील. साध्या स्पाउस व्हिसाला ते लागत नाही.

खर्च मात्र खरा आहे. फी एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झाली होती, आणि हेल्थ सरचार्ज (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे) वर्षाला १,०३५, व्हिसा ३३ महिन्यांचा म्हणून तो तीन वर्षांचा धरतात, ३,१०५. त्या हिशेबाने एकूण ५,०४३ पौंड, आपले सहा लाखांच्या आसपास, परीक्षा-टेस्ट वेगळं. भरायच्या दिवशी फीचा आकडा परत बघा, तो वाढतच असतो. नकार आला तर सरचार्ज परत मिळतो, फी नाही. नकारावर अपील पण करता येतं, तुझ्यासारख्या इकडून अर्ज करणाऱ्याला २८ दिवसांत, पण खोटेपणाच्या नकारावर अपील लढणं म्हणजे काय ते एकदा वकिलाची फी विचारून बघ. निकालाला १२ आठवडे साधारण सांगतात, जास्त पण लागतात. व्हिसा आला की तिकडे लगेच काम करता येतं, फक्त एसीत गॅस भरायला तिकडे एफ-गॅसचं सर्टिफिकेट लागतं, त्याची चौकशी आतापासून करून ठेव, रिकामा बसशील तर ती थंडी अंगावर येते असं सगळेच सांगतात.

आता खरी अडचण. फॉर्म नाही, बायको.

तू पत्रात तिला शेवटच्या दोन ओळी दिल्यास, त्यावरूनच कळलं की झोप कशाने उडालीय. तिला कंपनी बदलली सांगितलंस. का सांगितलंस ते मला समजतं, परदेशात राहणारी, कमावती, नर्स मुलगी, तिच्यासमोर चार महिने बिनपगाराचा, बिनपासपोर्टचा, पोलिसांची गाडी दिसली की गल्ली बदलणारा माणूस म्हणून कसं उभं राहायचं. आणि मग लग्न ठरलं, तिच्या घरच्यांना पण तीच गोष्ट गेली असणार, दुबईत चांगला जॉब होता, कॉन्ट्रॅक्ट संपलं. खोटं एकदा साखरपुड्याला जेवून गेलं की त्याला घरचाच माणूस समजतात.

पण बघ ना, या अर्जात ती नुसती बायको नाही, स्पॉन्सर आहे. तिचे पगाराचे कागद, तिचं घर, तिचं पत्र, तिची सही. तुझं हे एक पान तिच्या कागदांच्या शेजारी जाणार, ती ते वाचणारच. आणि चॅट तीच काढून देणार, त्यात सप्टेंबर २०२३ चा तुझा मेसेज असेल, आज पगार झाला, आणि शेजारच्या पानावर तूच लिहिलेलं की कंपनीने पगार दिला नव्हता आणि व्हिसा ऑगस्टमध्येच संपला होता. तिला हे कोणाकडून कळावं असं तुला वाटतं, तुझ्याकडून का पीडीएफमधून? काही लोक मला म्हणतील की ताई आधी व्हिसा होऊ दे, मग तिकडे गेल्यावर आरामात सांगेल. मला हे अजिबात पटत नाही. तिकडे गेल्यावर सांगितलं तर तिला वाटणार की व्हिसासाठीच लपवलं होतं, आणि ते वाटणं चूक पण नसेल.

कसं सांगायचं याचं माझ्याकडे औषध नाही. एवढं सांगते, मेसेजवर नको, तिची नाईट संपून ती झोपायला टेकलीय तेव्हा नको, नर्स माणूस आहे तिच्या ऑफच्या दिवशी, तिकडची वेळ बघून, व्हिडिओवर. माफीपासून सुरुवात करू नको की बघ मी कसा नियमाने आलो, पगार थांबला तिथून सुरुवात कर. आणि मी तुला टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं हे वाक्य चुकूनही नको, हे ऐकल्यावर कुठलीच बायको शांत झालेली मी बघितलेली नाही. लाज वाटली म्हणून नाही सांगितलं, हे खरं आहे ना? मग तेच. ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, बहुतेक तिचा राग ओव्हरस्टेवर नसेल, आज पगार झाला या तीन शब्दांवर असेल. राहू दे. ती रुग्णालयात काम करते, अडचणीतली माणसं तिने तुझ्या माझ्यापेक्षा जास्त बघितलीत. सासऱ्यांना सांगायचं का नाही ते मात्र तिला ठरवू दे, ते तुझं काम नाही.

ती हो म्हणाली की मग दोघं मिळून फॉर्म उघडा, एकाने वाचायचं एकाने भरायचं, तारखा आधी एका वहीत लिहून घ्या, कुठल्या महिन्यात तू कुठे होतास, कुठल्या महिन्यात ती कुठे, तुमच्या दोघांच्या कागदांत एकच तारीख यायला पाहिजे. मित्राला प्रेमाने सांग की बायको स्वतःच भरतेय, त्याला ४० हजारातला अ‍ॅडव्हान्स दिला असशील तर तो गेला समज, ते लेटर आणलं असेल तर फाडून टाक.

आणि तो दुबईचा जुना फोन विकला नसशील अशी आशा आहे, पहिल्या वर्षाचं चॅट त्यातच असेल. बॅकअप घेतल्याशिवाय कोणाला देऊ नको. विकून बसला असशील तर तेच चॅट तिच्या फोनमध्ये असणार, पण मग ते तिच्याकडून मागावं लागेल, आणि कशाला हवंय ते पण सांगावं लागेल.